ओरेगनात कुर्ल्या पकडायला जाताय? शेलफिश लायसन्स घरूनच काढा, कसं ते सांगतो

सप्टेंबर लागला की पोर्टलंड, बीव्हरटन, हिल्सबरोकडच्या आपल्या मराठी मंडळींना किनाऱ्याचे वेध लागतात आणि मला फोन सुरू होतात, की अरे लायसन्स कुठे मिळतं, दुकानात जावं लागतं का, आईबाबा आलेत त्यांना पण लागतं का. मी मालवणकडचा, कुर्ल्या हा विषय निघाला की मला थांबवत नाही, त्यामुळे दरवेळी तेच तेच अर्धा तास सांगतो. म्हटलं एकदाच नीट लिहून काढू.

पहिली गोष्ट. इथे खेकडे, शिंपल्या असं काहीही काढायचं असेल तर वय १२ किंवा त्याच्या वर असलेल्या प्रत्येकाला शेलफिश लायसन्स लागतं. प्रत्येकाला म्हणजे प्रत्येकाला, घरटी एक नाही. जो दोर ओढणार, ट्रॅप टाकणार, त्याच्या स्वतःच्या नावाचं लायसन्स हवं. बाजूला खुर्ची टाकून थर्मासातला चहा पिणाऱ्याला नको. मासे गळाला लावायचे असतील तर त्याचं लायसन्स वेगळं, शेलफिशमध्ये ते येत नाही. १२ ते १७ वयाच्या मुलांसाठी मात्र एकच यूथ लायसन्स असतं त्यात दोन्ही येतं, तेच घ्या.

आधी बहुतेक जण हे दुकानाच्या काउंटरवर जाऊन कागदावर छापून घ्यायचे. डिसेंबर २०१८ पासून राज्याच्या मासे आणि वन्यजीव खात्याने, ज्याला इथे सगळे ओडीएफडब्ल्यू म्हणतात, सगळं ऑनलाइन आणलं आणि मायओडीएफडब्ल्यू नावाचं ॲप काढलं. आता घरी बसून काढा, फोनवर ठेवा, तपासणीला फोनवरचं चालतं. दुकानातला रस्ता बंद झालेला नाही, ज्याला ऑनलाइन नको त्याने अजूनही काउंटरवर जावं.

आता खरी अडकायची जागा. साइट उघडली की नवीन अकाउंट बनवायचा मोह होतो. तुम्ही याआधी ओरेगनात कधीही, अगदी दहा वर्षांपूर्वी दुकानातून का होईना, फिशिंगचं लायसन्स घेतलं असेल तर तुमचं नाव खात्याकडे आधीपासून आहे. तिथे जुनं अकाउंट शोधायचा पर्याय असतो, नाव आणि जन्मतारीख वगैरे घालून, आधी तो वापरा. मी घाईत नवीन बनवलं आणि माझे दोन रेकॉर्ड झाले, एकात जुना आयडी आणि दुसऱ्यात नवीन लायसन्स, मग फोन करून ते एकत्र करून घ्यावं लागलं आणि त्यात एक अख्खा शनिवार गेला, भरती गेली ती गेलीच. नावाचं पण बघा, आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे असतं, ड्रायव्हिंग लायसन्सवर कधी असतं कधी नसतं, तर जे ओळखपत्र खिशात घेऊन जाणार त्याच्यावर जसं आहे तसंच टाइप करा.

सोशल सिक्युरिटी नंबर विचारतात. बऱ्याच जणांना शंका येते की खेकड्यासाठी हा नंबर कशाला. तो फेडरल कायद्यामुळे विचारतात, मुलांची पोटगी बुडवणाऱ्यांचं लायसन्स अडवता यावं म्हणून, आणि हे फक्त ओरेगनात नाही. ज्यांच्याकडे नंबरच नाही, म्हणजे व्हिजिटर व्हिसावरचे आईवडील किंवा डिपेंडंट व्हिसावरची बायको, त्यांच्यासाठी वाट्टेल तो आकडा किंवा स्वतःचा नंबर टाकू नका. नंबर नाही तर नाही असंच भरा, ऑनलाइन अडलंच तर पासपोर्ट घेऊन काउंटरवर जा.

मग रेसिडेंट की नॉन-रेसिडेंट. ओरेगनात सलग ६ महिने राहत असाल तर रेसिडेंट, त्यांना स्वस्त पडतं. काल-परवा टेक्सासहून बदली होऊन आला असाल तर अजून नाही. आणि नदीपलीकडे वॉशिंग्टनातल्या व्हँकुव्हरला राहणारे आपले बरेच लोक इकडे कामाला येतात, ते कितीही वर्षं येत असले तरी नॉन-रेसिडेंटच. भारतातून आलेल्या पाहुण्यांसाठी ३ दिवसांचं नॉन-रेसिडेंट शेलफिश लायसन्स असतं, वर्षाचं घ्यायची गरज नाही, फक्त ते ३ दिवस सलग मोजतात, तेव्हा सुरू व्हायची तारीख नीट निवडा. शुक्रवारी रात्री काढताना आजचीच तारीख टाकलीत तर एक दिवस झोपेत गेला.

वर्षाचं लायसन्स पण घेतल्यापासून बारा महिने चालत नाही, ३१ डिसेंबरला संपतं. नोव्हेंबरात घेतलं तरी ३१ डिसेंबर. पुढच्या वर्षाचं १ डिसेंबरपासून विकायला येतं, तेव्हा ज्यांना थंडीतही जायचंय त्यांनी तारखा बघून घ्या. पैसे भरायच्या आधी कार्टमधलं नाव आणि वर्ष परत एकदा वाचा, चार जणांची घेताना बायकोच्या नावावर दोन आणि मुलाच्या नावावर शून्य असं होतं, आणि एकाचं लायसन्स दुसऱ्याला वापरता येत नाही.

घेतल्यावर ॲप उघडून लॉगिन करा आणि लायसन्स स्क्रीनवर दिसेपर्यंत घर सोडू नका. हे मी हात जोडून सांगतो. हिल्सबरोहून किनाऱ्याकडच्या टिलामूकला हायवे ६ ने निघालात की डोंगरात, जंगलात नेटवर्क जातं. एकदा घरी वायफायवर सिंक झालं की नंतर नेटशिवाय दिसतं, पण सिंकच केलं नसेल तर धक्क्यावर उभं राहून गोल फिरणारं चक्र बघत बसाल. तपासायला येतात ते ओरेगन स्टेट पोलिसांचे लोक, सभ्यपणे विचारतात, बादली बघतात, मोजतात. 'पैसे भरलेत पण दिसत नाहीये' हे वाक्य त्यांनी भरपूर ऐकलेलं असणार. माझे बाबा गेल्या खेपेला आले तेव्हा त्यांच्याकडे इथला फोन नव्हता, त्यांचं मी प्रिंट काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जॅकेटच्या खिशात ठेवलं होतं. पावसात ते बरं पडलं.

बाबांचं सांगतो. गॅरिबाल्डीच्या धक्क्यावर त्यांनी क्रॅब रिंग हातात घेतली आणि म्हणाले ही तर पगोळीच की (आमच्याकडची कुर्ल्या पकडायची गोल जाळी), फक्त लोखंडाची. आत कोंबडीचा पाय बांधला, दोर सोडला, पंधरा मिनिटांनी एका दमात वर ओढली, थांबत थांबत ओढलं तर कुर्ली बाहेर पळते हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. चार आल्या. त्यातल्या दोन माद्या, पोटाखालची झडप रुंद. आपल्याकडे लाखेने, म्हणजे अंड्यांनी, भरलेली मादी म्हणजे पाहुण्यांना वाढायची गोष्ट, पण इथे डंजनेसची, म्हणजे इथल्या मोठ्या खेकड्याच्या जातीची, मादी ठेवता येत नाही, लगेच पाण्यात. बाबा क्षणभर तिला हातात धरून बघत राहिले आणि मग स्वतःच वाकून सोडली. म्हणाले, आमच्या खाडीत असं केलं असतं तर आज बाजारात इवल्याशा कुर्ल्या विकायला बसायची वेळ आली नसती.

तर हे नियम लायसन्सइतकेच पाठ करा. डंजनेस फक्त नर, पाठीवर आडवं मोजून किमान पावणेसहा इंच, टोकाचे काटे धरायचे नाहीत, काट्यांच्या अगदी पुढून मोजायचं. दिवसाला माणशी १२. लाल रंगाचे रेड रॉक खेकडे माणशी २४, त्यात नर-मादी, लहान-मोठं बघत नाहीत, कवच जाड आणि मांस कमी पण रश्श्याला उत्तम, लोक उगाच टाकून देतात. ट्रॅप किंवा रिंग माणशी ३. मोजपट्टी दोन डॉलरला मिळते, अंदाजावर जाऊ नका. खाड्या आणि धक्के वर्षभर खुले, समुद्रात बोट घेऊन जाणाऱ्यांना १६ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर बंद. बोटीतून ट्रॅप सोडून त्याला तरंगता बॉय (खुणेचा गोळा) लावणार असाल तर त्यावर स्वतःचं पूर्ण नाव आणि सोबत फोन नंबर किंवा लायसन्सवरचा ओडीएफडब्ल्यू आयडी मार्करने लिहायचा. तो आयडी ॲपमध्येच दिसतो, म्हणून लायसन्स आधी, मार्कर नंतर.

आणि निघायच्या आदल्या रात्री राज्याच्या कृषी खात्याचा शेलफिश सेफ्टीचा पानभर मजकूर बघून घ्या. डोमोइक ॲसिड नावाचं विष वाढलं की काही पट्टे बंद करतात, शिजवून ते जात नाही. लायसन्स खिशात असलं म्हणजे ती खाडी त्या दिवशी उघडी आहे असं नाही. नेटार्ट्सची खाडी बंद असेल तर टिलामूकची खाडी किंवा खाली न्यूपोर्टचा याक्विना बे बघा, तिथे धक्का आहे, बोट लागत नाही आणि आजी-आजोबांना बसायला जागा पण आहे.