नळयोजनेची गळती: रात्रीत मोजा, सगळ्यांनी मिळून शोधा

पाणी पुरत नाही म्हटलं की नवी विहीर, मोठा पंप, आणखी एक टाकी, अशी चर्चा सुरू होते. त्याआधी एक काम करावंच: टाकीतून सुटलेलं पाणी नळापर्यंत किती पोचतं, ते मोजावं. टाकीतलं पाणी जमिनीपेक्षा २० मीटर उंच असेल, तर नळवाहिनीला पडलेल्या ३ मिलिमीटरच्या एका छिद्रातून तासाला सुमारे ३०० लिटर पाणी जातं. वर चिखलही दिसत नाही, कारण ते बहुतेक वेळा जवळच्या गटारात नाहीतर मुरमात उतरतं. ही मोजणी पाणी सोडणाऱ्या एकट्या माणसाकडून होणार नाही. वस्तीतली प्रत्येक तोटी एकाच वेळी बंद असेल, तरच आकडा खरा येतो.

तारीख ठरवून दोन-तीन दिवस आधी सगळ्यांना सांगावं. रात्री १२ ते पहाटे ४ ही वेळ चांगली. प्रत्येक गल्लीला एक जबाबदार माणूस हवा. त्याने दिवसाच घरोघर जाऊन तोट्या नीट बंद होतात का ते बघावं आणि खराब वायसर लगेच बदलून घ्यावा. घरांवरच्या टाक्यांकडे विशेष लक्ष द्यावं. तोटी बंद असली तरी बॉलकॉक (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा तरंगता गोळा) उघडा राहून टाकी रात्रभर भरत राहते आणि ती गळती म्हणून मोजली जाते. त्यामुळे अशा टाक्या संध्याकाळीच भरून घ्याव्यात आणि त्यांचा कॉक बंद करावा. सार्वजनिक नळ आणि जनावरांचा हौदही विसरू नये.

आधी टाकी तपासावी. पंप बंद, बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद, आणि दोन तास पातळी बघायची. ती उतरली तर टाकीच गळते, नाहीतर तळाचा वॉशआउट व्हॉल्व्ह (टाकी धुताना पाणी काढून टाकायचा) किंवा बाहेरचा व्हॉल्व्ह पाणी धरत नाही. हे मिटल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. पातळी मोजायला टाकीच्या झाकणाच्या कडेपासून वजन बांधलेली मोजपट्टी सोडावी आणि तिचं टोक पाण्याला टेकेल तिथला आकडा घ्यावा. दर वेळी कडेची तीच खूण धरावी. दोघांनी मोजावं, दोघांनी सही करावी. टाकीत कोणी उतरू नये.

आता बाहेरचा व्हॉल्व्ह सावकाश उघडावा. झटक्यात उघडला तर हवेचा आणि पाण्याचा दणका बसून जुने जोड सुटतात. पाणी ठरावीक तासच सुटत असेल, तर वाहिनी मधल्या वेळेत रिकामी झालेली असते. आतला व्यास ५० मिलिमीटर असलेला एक किलोमीटर पाइप भरायलाच जवळपास २,००० लिटर लागतात. म्हणून वाहिनी पूर्ण भरून अर्धा तास गेल्यावरच पहिला आकडा लिहावा.

हिशेब सोपा आहे. ४ बाय ५ मीटरच्या टाकीत १ सेंटिमीटर म्हणजे २०० लिटर. गोल टाकी असेल तर व्यासाचा वर्ग करून ०.७८५ ने गुणा. ५ मीटर व्यासाला ते क्षेत्र १९.६ चौरस मीटर येतं, म्हणजे सेंटिमीटरला १९६ लिटर. आयताकृती टाकीत चार तासांत पातळी २४ सेंटिमीटर उतरली, तर ४,८०० लिटर गेले, तासाला १,२००. याला वाहिनी दिवसाकाठी जितके तास भरलेली असते तितक्या तासांनी गुणावं: सहा तासांना ७,२०० लिटर, चोवीस तासांना २८,८००. रात्री कोणी पाणी घेत नसल्यामुळे दाब जास्त असतो, म्हणून खरी दिवसभराची गळती याहून थोडी कमी धरावी.

गळती कुठल्या गल्लीत आहे, हे त्याच रात्री कळू शकतं. सगळ्यात लांबच्या गल्लीपासून टाकीच्या दिशेने एकेक व्हॉल्व्ह बंद करत यावं आणि दर अर्ध्या तासाला पातळी मोजावी. सुरुवातीला अर्ध्या तासाला ३ सेंटिमीटर उतार आहे, पहिली गल्ली बंद केल्यावरही ३ च राहिला, दुसरी बंद करताच १ वर आला, तर दुसऱ्या गल्लीत तासाला ८०० लिटर जात आहेत. जीर्ण व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि निर्दोष गल्लीवर ठपका येतो किंवा दोषी सुटते. तो पाणी धरतो का, हे त्या गल्लीतला एक नळ उघडून पाहावं.

मग त्या गल्लीत दिवसा शोध घ्यावा. आधी घरजोडणीचे फेरूल (मुख्य वाहिनीतून घराकडे पाणी घेणारी पितळी तोटी) आणि सॅडल (ती बसवायला पाइपभोवती आवळलेला पट्टा) उघडून बघा, कारण बहुतेक गळती तिथेच सापडते. लोखंडी पाइपवर सळई टेकवून तिला कान लावला तर सळसळ दूरवर ऐकू येते. प्लास्टिकच्या पाइपमध्ये आवाज लवकर विरतो, म्हणून तिथे दर दोन-तीन मीटरवर ऐकावं.

या पहिल्या चाचणीतून चोरून जोडलेली मोटर सापडली, तरी तिथेच भांडण काढू नये, असं आमचं ठाम मत आहे. नाहीतर पुढच्या वेळी लोक तोट्या बंद करणार नाहीत. मोटर काढायला मुदत द्यावी, आणि कारणही सांगावं: ती वाहिनीतला दाब ओढून घेते आणि फुटक्या जोडांतून गटाराचं पाणी आत येतं.

दुरुस्ती करताना रबरी ट्यूब गुंडाळून काम भागवू नये; पाणी थांबलं की त्याच फटीतून घाण आत जाते. पीव्हीसी पाइपचा खराब तुकडा कापून, टोकं पुसून कोरडी करून पाइप चिकटवायचं सोल्यूशन लावावं आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेआधी दाब देऊ नये. पाणी झिरपतच असेल तर सोल्यूशन धरणार नाही, तिथे क्लॅम्प किंवा यांत्रिक जोड वापरावा. नवे भाग आणि पाइपची टोकं १ लिटर पाण्यात ३० ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर मिसळून, चुना खाली बसल्यावर वरच्या निवळीने पुसून घ्यावीत. नंतर पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहिनीवरचा वॉशआउट उघडा ठेवावा आणि शेवटच्या नळावर क्लोरोस्कोपने (पाण्यातलं उरलेलं क्लोरीन रंगावरून दाखवणारं साधन) तपासावं. क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेलं हवं.

एक मोठी गळती बंद झाली की वाहिनीतला दाब वाढतो आणि आतापर्यंत ठिबकणारे जोड जोरात वाहू लागतात. म्हणून आठवड्याभरात तीच चाचणी पुन्हा करावी आणि त्या रात्रीचे आकडे पहिल्या रात्रीच्या आकड्यांशेजारी लिहून सगळ्यांना दिसतील असे लावावेत.