मॅच बुलेट मोठ्या शिकारीला चालेल का? चाचणीआधीची तयारी

मॅच बुलेट म्हणजे नेमबाजी स्पर्धेसाठी बनवलेली गोळी. तिच्या टोकाला दिसणारं बारीक भोक गोळी फुलावी, म्हणजे आदळल्यावर टोक उघडून रुंद व्हावी, म्हणून ठेवलेलं नसतं. तांब्याच्या मिश्रधातूचं जॅकेट, म्हणजे बाहेरचं कवच, बुडाकडून बंद असतं, शिशाचा गाभा टोकाच्या बाजूने आत बसवतात आणि मग टोक दाबून निमुळतं करतात. ते पुरतं मिटत नाही, म्हणून भोक उरतं. बूड एकसारखं राहिल्याने ग्रुपिंग चांगलं येतं, म्हणजे गोळ्या एकमेकींजवळ लागतात, एवढाच त्यामागचा हेतू. फुलणाऱ्या गोळ्या युद्धात निषिद्ध मानल्या जातात, पण अमेरिकी लष्कराच्या कायदा विभागानेही १९९० मध्ये याच मुद्द्यावर अशी काडतुसं युद्धात वापरायला हरकत नाही असं मत दिलं. त्यामुळे तयारीला बसताना ‘ही गोळी फुलते का’ असं विचारू नका, ‘किती वेळा फुलत नाही’ असं विचारा. गोळ्यांची संख्या, ज्यांत गोळी झाडून बघायची ते जिलेटिनचे ठोकळे, वेळ हे सगळं या प्रश्नावरून ठरतं.

आधी संख्या. पाचपैकी पाच गोळ्या सुंदर फुलल्या तरी ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की फसण्याचं प्रमाण ४५ टक्क्यांपेक्षा कमी आहे. दहापैकी दहा फुलल्या तर हा आकडा २६ वर येतो, तीसपैकी तीस फुलल्या तर साडेनऊवर. एका ठोकळ्याचा फोटो दाखवून ‘चालते’ म्हणणाऱ्यांकडे म्हणूनच लक्ष देऊ नये. दर वेगाला किमान दहा गोळ्या धरा आणि वेग तीन घ्या: जवळच्या अंतरावरचा सर्वांत जास्त, मधला, आणि ज्याच्याखाली शिकारीवर गोळी झाडायचीच नाही असं ठरवलंय तो. सगळ्या गोळ्या एकाच लॉटच्या, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेला बनलेल्या, हव्यात. मॅच बुलेट बनवणाऱ्याला ग्रुपिंगशी देणंघेणं. जॅकेटची जाडी किंवा टोकाचं भोक थोडं बदललं तर डब्यावर तसं लिहून येईलच असं नाही.

गोळ्या हातात आल्या की दहापट भिंगाखाली टोकं बघा. काही टोकांत तांब्याचा चकचकीत पापुद्रा आत दुमडलेला दिसतो, काहींचं भोक सुईच्या टोकाएवढं, तर शेजारच्याच गोळीचं त्याच्या दुप्पट. प्रत्येकीला क्रमांक द्या, ०.१ ग्रेनपर्यंत (सुमारे ६.५ मिलिग्रॅम) वजन करा आणि भोकाची अवस्था वहीत टिपा. खराब टोकाच्या गोळ्या बाजूला काढू नका, शिकारीला जाताना त्याही खिशात असणारच. एक गोळी मात्र चाचणीतून वगळा. कानशीने उभी अर्धी घासली की जॅकेटची जाडी आणि टोकाखालची पोकळी उघड दिसते. पातळ जॅकेट आणि मोठी पोकळी असेल तर गोळी लवकर फुटते. जाड जॅकेट आणि मिटलेलं टोक असेल तर ती सुईसारखी आरपार जाते.

ठोकळ्याचं जिलेटिन २५० ब्लूमचं (ब्लूम म्हणजे जेलीच्या घट्टपणाचं माप), वजनाने दहा टक्के. १५ × १५ × ४० सेंमीच्या एका ठोकळ्याला साधारण ९०० ग्रॅम जिलेटिन आणि ८.१ किलो पाणी लागतं. भुकटी आधी थंड पाण्यात फुगू द्या, मग हळूहळू गरम करा. ६० अंश सेल्सिअसच्या वर गेलात की जेलीची ताकद उतरते आणि तुमची गोळी फुकटात खोल जाते. फेस आला तर दालचिनीच्या तेलाचे काही थेंब पुरतात. ठोकळा ४ अंशांवर फ्रीजमध्ये दोन दिवस ठेवा आणि बाहेर काढल्यावर वीस मिनिटांत उरका. रायफलच्या गोळीसाठी एक ठोकळा पुरत नाही. दोन एकामागे एक चिकटवून ठेवा. प्रत्येक ठोकळ्याच्या कोपऱ्यात ४.५ मिमीचा पोलादी छर्रा सुमारे १८० मीटर प्रति सेकंद वेगाने मारा. तो ८.५ सेंमी, फार तर एक सेंमी इकडेतिकडे, एवढा शिरला तरच ठोकळा ग्राह्य. ही पायरी सर्रास गाळली जाते आणि मग दोन दिवसांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

पारदर्शक कृत्रिम जेल सोयीचं आहे, पण त्यातली खोली जिलेटिनच्या खोलीशी ताडून बघू नका. पाण्याचे कॅन फक्त ‘फुलते की नाही’ एवढंच सांगतात, तेही गोळीला झुकतं माप देऊन.

सर्वांत अवघड काम कमी वेगाचं. प्रत्यक्ष ५०० मीटरवरून झाडायचं म्हटलं तर १५ सेंमीचा ठोकळा जेमतेम एक एमओए (अंशाचा साठावा भाग, नेमबाजीतलं कोनाचं माप) भरतो आणि वारा उरलेलं बिघडवतो. दुसरी वाट म्हणजे दारू कमी भरून १०० मीटरवरून त्याच वेगाने मारणं. भरण मात्र छापील मॅन्युअलमधल्या कमी वेगाच्या तक्त्यातलंच हवं. संथ जळणारी दारू मनाने कमी केली तर ती नीट पेटत नाही, गोळी नळीत अडकते किंवा दाब एकाएकी चढतो. शिवाय यात एक खोट राहतेच. १० इंचाच्या पिळाच्या, म्हणजे दर १० इंचांत गोळीला एक फेरा देणाऱ्या, नळीतून ८२० मीटर प्रति सेकंदाने निघालेली गोळी मिनिटाला सुमारे १,९४,००० फेरे घेते. दूरवर वेग ५५० वर आला तरी फिरकी फारशी कमी होत नाही. तीच गोळी नळीतूनच ५५० ने सोडली तर फेरे १,३०,००० होतात आणि टोक उघडायला मदत कमी मिळते. निकाल वाचताना हे ध्यानात ठेवा. २५ मीटरवरून तर मारूच नका. नळीतून निघाल्यावरचं गोळीचं डोलणं तोवर थांबलेलं नसतं.

क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र, नळीपासून तीनेक मीटरवर ठेवा, नाहीतर झोताने खोटे आकडे येतात. जमलं तर दुसरा ठोकळ्याच्या अलीकडे, जाड पोलादी पत्र्याच्या आड. ठोकळ्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना पुठ्ठे उभे करा. न फुललेली लांब गोळी थोडी आत जाऊन आडवी होते, वळते आणि कुशीतून बाहेर पडते. पुठ्ठ्यावर लांबट भोक दिसलं की तोच पुरावा. त्या सगळ्यामागे मातीचा भक्कम बंधारा, आणि कान आणि डोळ्यांना संरक्षण.

गोळी हाडावर कशी वागते ते बघायला जनावराच्या खांद्याच्या हाडाचं ताजं पातं ठोकळ्याला टेकवून ठेवा. वाळलेलं हाड काचेसारखं तडकतं आणि काही शिकवत नाही. जास्त वेगाच्या निदान तीन गोळ्या हाडातूनच गेल्या पाहिजेत, कारण मॅच बुलेट तिथेच उथळ फुटते.

मोजताना आधी अरुंद बोगद्याची लांबी घ्या, म्हणजे गोळी कितव्या सेंटीमीटरला उघडली ते. मग पोकळीची सर्वांत मोठी रुंदी, मग शेवटच्या तुकड्याची खोली. सापडलेल्या गोळीचा व्यास कॅलिपरने दोन काटकोनी दिशांनी घ्या. उरलेलं वजन मूळ वजनाने भागा. ठोकळा वितळवून बारीक चाळणीतून गाळा. कांद्याच्या सालीसारखे जॅकेटचे तुकडे आणि त्यांना चिकटलेलं करडं शिसं चाळणीवर राहील. त्याचंही वजन करा, कारण तेवढंच शिसं मांसात विखुरणार आहे. हातमोजे घाला, गाळलेलं पाणी मोरीत ओतू नका आणि वितळवलेलं जिलेटिन पुढच्या ठोकळ्यात वापरू नका. पुन्हा तापवल्याने त्याचं ब्लूम उतरलेलं असतं.