तिथीवरून भरतीची वेळ

कोकणात किनाऱ्यावर एकटे राहायला आलात, तर भरती कधी हे रोज कुणाला विचारणार? भिंतीवरचं कॅलेंडर पुरे.

तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थीला ३, अष्टमीला ६. दिवसाही आणि रात्रीही. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, तिथे हे फार कामी येतं. तासभर आधी निघा, पाणी वळायच्या आत परता. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे कमी चढ-उताराच्या भरती-ओहोटीला, मात्र पाणी पुरतं ओसरत नाही.

हिशेब अर्धा-पाऊण तास चुकतो. पावसाळ्यात तर याच्या भरवशावर पाण्यात पाऊल टाकूच नका, कोळीवाड्यात विचारा.