जुनापाणीची शिळावर्तुळं कशी पाहावीत

मी काटोलकडचा संत्र्याचा शेतकरी. पाहुणे आले की जुनापाणीला नेतो, म्हणून हे लिहितो आहे.

नागपूरहून काटोल रोडनं निघालं की शहर सुटताच जुनापाणी लागतं. तिथल्या माळावर, झुडपांत, दगडांची सुमारे 300 वर्तुळं आहेत. ही लोहयुगातल्या माणसांची थडगी आहेत, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची.

दिवाळीनंतर जा. पावसाळ्यात गवत माजतं, दगड दिसत नाहीत आणि पाय सापावर पडायची भीती. पायात बूट हवेच.

वर्तुळ ओळखायला घाई करू नका. वावरातले वेचलेले दगड आम्ही धुऱ्यावर, म्हणजे बांधावर टाकतो, ते कसेही पडलेले असतात. थडग्याचे मोठे काळे दगड मात्र गोलाकार रांगेत बसवलेले दिसतात आणि आतली जागा माती-मुरमाच्या भरावानं जराशी फुगीर असते. आत शिरू नका. बाहेरून पूर्ण फेरी मारा, म्हणजे गोलाई नीट लक्षात येते.

मग वाटीसारखे खळगे शोधा. ते काही मोजक्या दगडांवरच आहेत, ओळीनं कोरलेले. भर दुपारी ते अजिबात दिसत नाहीत. सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर ऊन तिरपं पडतं, तेव्हा खळग्यात सावली साचते. तरी दिसले नाहीत तर मोबाइलचा टॉर्च दगडालगत आडवा धरा. खडू, कुंकू, तेल काही लावायचं नाही. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं इथं खोदलं, तेव्हा त्याला ब्रिटनमधल्या दगडांवरचे असेच खळगे आठवले होते.

जवळच माहुरझरीच्या थडग्यांत माणसांबरोबर घोडेही पुरलेले सापडले, तोंडावर तांब्याचे दागिने घातलेले. पारशिवनीकडं नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी मिळाली. हे कळलं ते दगड, हाडं, भांडी जागच्या जागी होती म्हणून. धुऱ्यासाठी किंवा घराच्या पायव्यासाठी दगड उचलणाऱ्यांना मी हेच कळवळून सांगतो.

तुमच्याच वावरात असं वर्तुळ दिसलं, तर तेवढ्या जागेत ट्रॅक्टर घालू नका. चारही बाजूंनी फोटो काढा, गट नंबर लिहा आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला कळवा. गुप्तधनाच्या नादानं कोणी खोदायला आला तर आधी पोलीस पाटलाला बोलवा.