ऑफिसातले नोटिशीचे टीव्ही फुल एचडी केले, माझा अनुभव

वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधे आमची कंपनी, गेटवर, शॉप फ्लोअरवर आणि कँटीनमधे टीव्ही लावलेत, त्यावर शिफ्ट, सेफ्टीच्या सूचना, मडगाव-फोंड्याच्या बसचा टाइम वगैरे. मराठी नोटीस तर वाचताच येत नव्हती, जोडाक्षरं नि मात्रा सगळं पुसट. जुना प्लेअर 1024 बाय 768 चा, तोही व्हीजीएवर (जुनी ॲनालॉग केबल), त्यामुळे चित्र आडवं ताणलेलं आणि फोटोतले सगळे साहेब जाडे दिसायचे 😀

रास्पबेरी पाय 4 हा छोटा कॉम्प्युटर घेतला, एचडीएमआय केबल टाकल्या, तरी 720 च्या (1280 बाय 720) वर जाईना. वेंडर म्हणे तिन्ही टीव्ही बदला (म्हणणारच तो!). खरी गोम स्प्लिटरमधे होती, म्हणजे एकच सिग्नल तिन्ही टीव्हींना वाटणारा डबा. आपल्याला कुठलं रिझोल्यूशन चालतं हे प्रत्येक टीव्ही ईडीआयडी नावाच्या माहितीतून कळवतो आणि बरेच साधे स्प्लिटर सगळ्यांना झेपेल तेवढंच पकडतात. कँटीनचा टीव्ही जुना 720 वाला, त्याच्यापायी बाकीचे दोन पण अडकले. पाय 4 ला दोन मायक्रो एचडीएमआय पोर्ट असतात, म्हणून कँटीनची केबल स्प्लिटरवरून काढून दुसऱ्या पोर्टला दिली, तर बाकीचे लगेच 1920 बाय 1080, म्हणजे 720 च्या सव्वादोन पट पिक्सेल.

कडा कापल्या जात होत्या, ते ओव्हरस्कॅन, टीव्हीच्या मेनूत पिक्चर साइझ बदलून गेलं.

जुन्या स्लाइड मात्र परत बनवाव्या लागतात हां, छोटी जेपीजी मोठी करून काय शार्प होत नाही. एचआरवाले अजून जुन्याच पाठवतात.