अलॉय व्हील घासायला बसताय? आधी या चुका वाचा

दसरा आठ दिवसांवर आला की माझा फोन वाजायला लागतो. कुणाचं चाक पांढरं पडलंय, कुणाचं काळं, कुणी भांड्याची तारेची घासणी घेऊन बसलंय आणि आता रेघा जात नाहीत म्हणून रडतंय. दरवर्षी त्याच चुका, फक्त माणसं वेगळी. म्हणून एकदाच लिहून ठेवतो, पुढच्या वेळी लिंक पाठवून मोकळा.

सगळ्यात मोठी चूक, ॲसिड. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, सहन करा.

माझा मेव्हणा, नवी गाडी, डायमंड कट अलॉय, म्हणजे तोंडावर लेथवर कापलेलं चकचकीत ॲल्युमिनियम आणि त्यावर पातळ क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक लॅकरचा थर. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आंबा घाट चढून रत्नागिरीहून कोल्हापुरात आला. पुढची दोन्ही चाकं ब्रेकच्या काळ्या धुळीनं माखलेली, मागची त्या मानानं स्वच्छ (मागं ड्रम ब्रेक, त्याची धूळ बऱ्यापैकी आतच राहते). मी म्हटलं गाडी थंड होऊ दे, संध्याकाळी बघू. मी आंघोळीला गेलो तेवढ्यात यानं संडास साफ करायचं ॲसिड काढलं, गरम चाकावर ओतलं आणि आत येऊन चहा प्यायला बसला. वर मलाच सांगतोय, "दाजी, बघा की, कसं फसफसतंय, सगळी घाण निघायलीय!"

अरे बाबा, ती घाण नव्हे, चाक निघतंय. ॲल्युमिनियमच्या अंगावर ऑक्साइडचा अगदी पातळ थर असतो, तोच त्याला जपतो. हायड्रोक्लोरिक ॲसिड तो थर खातं आणि मग खालच्या धातूला लागतं, ती फसफस म्हणजे हायड्रोजनचे बुडबुडे. क्लिअर कोट अखंड असला तर थोडं निभावतं, पण खडी उडून टवका गेलेली एक जागा असतेच, ॲसिड तिथून आत शिरतं. त्या दिवशी धुतल्यावर दोन चाकांवर पांढरट ओघळ दिसले. पुढच्या पावसाळ्यात कोटाच्या खाली गांडूळ सरकल्यासारख्या पांढऱ्या रेघा पसरल्या. नटांना गंज चढला तो वेगळाच. आता उपाय एकच, कोट काढून चाक परत लेथवर कापायचं आणि नवा कोट मारायचा, आणि तेही किती वेळा करणार, प्रत्येक वेळी धातू कमी होतो.

कॉस्टिक सोडा किंवा कडक डिग्रीझर (तेल-ग्रीस काढायचं अल्कलीचं रसायन) वापरणाऱ्यांनी हसू नये. ॲल्युमिनियमला आम्ल आणि अल्कली दोन्ही खातात.

ब्रेकच्या धुळीला आयर्न रिमूव्हर मिळतो, ॲसिड नसलेला बघून घ्या. थंड चाकावर मारायचा, लोखंडाचे कण जांभळे होऊन ओघळतात, सडक्या अंड्यासारखा वास येतो, तीन-चार मिनिटांत वाळायच्या आत धुवून टाकायचं. मी एका वेळी एकच चाक घेतो. चारही चाकांवर एकदम फवारून मग पाइप शोधायला जाणारे लोक मला माहीत आहेत. बाकी साधा कार शॅम्पू, नटांच्या खाचेत जुना टूथब्रश, आणि आऱ्यांसाठी रंगाचा जुना ब्रश, त्याच्या पत्र्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. ती टेप मी तीन ओरखडे पाडल्यावर गुंडाळली.

दुसरी चूक म्हणजे चाकावर काय आहे हे न बघताच मेटल पॉलिश लावणं. कंपनीतून आलेल्या बहुतेक अलॉयवर रंग आणि क्लिअर कोट असतो, तिथं मेटल पॉलिशचं काही काम नाही, उलट कोट धुरकट होतो. जुन्या बनियनचा पांढरा तुकडा घ्या, चाकाच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात पॉलिशचा ठिपका घासा. कापड काळं झालं तर उघडं ॲल्युमिनियम. पांढरंच राहिलं किंवा रंग लागला तर कोट आहे, पॉलिश कपाटात ठेवा आणि साधं वॅक्स लावा. आणि ते काळं म्हणजे मळ नाही हो! धातूच झिजून येतोय. कापड पांढरं येईपर्यंत घासणारे महाभाग आहेत, ते कधीच येणार नाही, हात मात्र गळून पडतील. चमक आली की थांबा.

आता माझीच फजिती. पहिली गाडी सेकंड हँड, कोट केव्हाच उडालेला, म्हटलं आरसा करू. फुटपाथला घासलेल्या जागेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर, नंबर जितका मोठा तितका बारीक) मारला, मग कंटाळा आला म्हणून थेट १५००, मग पॉलिश. ट्यूबलाइटखाली झकास. सकाळी उन्हात काढली तर चाकभर ४०० च्या रेघा, त्याही चमकणाऱ्या! पॉलिशनं रेघ जात नाही, रेघच उजळते. परत ४०० पासून सुरुवात, मग ६००, ८००, १०००, १५००, २०००, पाण्यात शॅम्पूचा थेंब टाकून. माझी सवय अशी की प्रत्येक नंबरला दिशा बदलतो, एकदा उभं, एकदा आडवं, म्हणजे मागच्या पेपरची उरलेली रेघ लगेच सापडते. एका चाकाला अख्खा रविवार गेला, चौथं चाक मी केलंच नाही, स्टेपनीला टाकलं.

तरी ते टिकतं का? उघडं ॲल्युमिनियम दोन-तीन महिन्यांत परत मंद पडतं, कोकणात खाऱ्या हवेत त्याहून लवकर. रील बघून चांगला कोट खरवडून आरसा करायला निघालेल्या पोरांना एवढंच सांगतो, घासायची हौस आयुष्यभर पुरणार आहे का बघा.

बाकी किरकोळ: चाकाचं फडकं बॉडीला लावू नका, लोखंडाचे कण असतात त्यात. उन्हात धुऊ नका. बोअरचं पाणी चाकावर वाळू देऊ नका, डाग पडले तर पातळ व्हिनेगर, लगेच धुवून. टायरचं पॉलिश जरा वाळू द्या, नाहीतर पहिल्याच वळणावर दारावर शिंतोडे.

आणि कुठलंही वॅक्स, पॉलिश, टायर शाईन ब्रेक डिस्कवर जाता कामा नये, ब्रेक लागणार नाही. धुतल्यावर दुसऱ्या दिवशी डिस्कवर नारिंगी गंज दिसतो, तो घासायला जाऊ नका. गल्लीत एक चक्कर मारा, चार-पाच वेळा ब्रेक दाबा, जातो तो.