शेळीचं खनिज मिश्रण चिमटीनं नको, मापानं द्या

शेळी गोठ्याची भिंत चाटते, दावं चघळते, दुसरीच्या अंगावरचे केस ओढून खाते, की लोक म्हणतात, "तिला खोडच आहे." खोड नसते ती. अंगात काहीतरी कमी पडलेलं असतं. आधी जंताचं औषध पाजा, कारण पोटात जंत असले तरी शेळी माती खाते. त्यानंतरही चाटणं थांबलं नाही तर खनिज मिश्रणाकडे वळा, म्हणजे कॅल्शियम, फॉस्फरस, तांबं अशा खनिजांची पिशवीत मिळणारी पूड.

मी तुळजापूर तालुक्यात उस्मानाबादी शेळ्या सांभाळते आणि गावात पशुसखी म्हणून, म्हणजे घरोघरच्या जनावरांची देखभाल सांगत फिरते. आमची ही काळी शेळी बऱ्याचदा जुळं देते. दोन करडांची हाडं आणि वर दोघांचं दूध, सगळं तिच्याच अंगातून जातं. रानात हिंडणारी शेळी बोर, बाभूळ, हिवराचा पाला निवडून खाते आणि बरंचसं स्वतःचं भागवते. बंदिस्त शेळीला मात्र आपण टाकू तेवढंच मिळतं. त्यात उन्हाळ्यात नुसता कडबा असला तर फॉस्फरस कमी पडतोच.

मोठ्या शेळीला रोज 10 ग्रॅम मिश्रण द्या. गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात आणि दूध चालू असताना 15 ग्रॅमपर्यंत न्या. चारा खायला लागलेल्या करडाला 5 ग्रॅम पुरे.

आता हे 10 ग्रॅम मोजायचं कसं? घरात सासूबाईंची चिमूट वेगळी, पोराची वेगळी. किराणा दुकानातल्या काट्यावर 10 ग्रॅम पूड तोलून घ्या, बाटलीच्या रुंद टोपणात ओता, हलकं ठोकून सपाट करा आणि जिथवर येईल तिथं आतून खिळ्यानं रेघ ओढा. झालं तुमचं माप. दुसऱ्या कंपनीची पिशवी आणली की पुन्हा तोला, कारण सगळ्यांची पूड सारखी वजनदार नसते.

काही जण 100 किलो भरड्यात 2 किलो मिश्रण कालवून ठेवतात. सोपं आहे, पण हिशेब करून बघा: शेळीला दिवसाला 200 ग्रॅम भरडा मिळत असेल तर तिच्या पोटात 4 ग्रॅमच जातं. म्हणून मी रोजच्या रोज मापानं घालते. कोरडी पूड गव्हाणीच्या तळाशी बसते, शेळी वरचा भरडा खाऊन निघून जाते. भरड्यावर थोडं गुळाचं पाणी शिंपडा, पूड दाण्याला चिकटते. गरीब शेळीला दांडग्या शेळ्या ढुसण्या मारून हाकलतात. तिला बाजूला बांधून द्या.

पिशवी घेताना मिश्रणात मीठ आहे की नाही ते वाचा. नसेल तर शेळीमागे 5 ग्रॅम जाडं मीठ वेगळं द्या. पावसाळ्यात कोवळ्या हिरव्या चाऱ्यावर मिठाची ओढ वाढते, तेव्हा विसरू नका. समोर पाणी कायम हवं.

चाटण वीट, म्हणजे शेळीनं चाटायची खनिज-मिठाची वीट, टांगायची तर शेळीच्या तोंडाच्या उंचीवर, पाऊस लागणार नाही अशी. जमिनीवर ठेवली की लेंड्या-मुतानं घाण होते. काही विटा म्हणजे बहुतेक मीठच असतं, म्हणून वीट आहे म्हणून भरड्यातलं मिश्रण बंद करू नका. युरिया घातलेली वीट करडांच्या जवळपाससुद्धा नको.

बोकडांचं मला जास्त कळकळीनं सांगायचंय. बकरी ईदसाठी बोकड भरायचा म्हणून गहू, मका, कोंडा यांचा मारा होतो. या सगळ्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. खुराकात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट तरी असावं. ते उलटं झालं की मुतखडा होतो, आणि लहानपणी खच्ची केलेल्या बोकडात लघवीची नळी अरुंद राहिल्यामुळे खडा लवकर अडकतो. बोकड कुंथतोय, पाठ वाकवून उभा राहतोय, थेंब थेंबच मुततोय असं दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. धान्यावर भरलेल्या बोकडाला मनानं डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, त्यातही फॉस्फरस असतो) वाढवू नका. खडा होऊ नये म्हणून आधीपासूनच धान्य कमी करा, लसूणघास किंवा सुबाभळीचा पाला द्या, मीठ द्या म्हणजे पाणी पितो.

शेळ्यांसोबत मेंढ्या असतील तर दोघींना एकाच पिशवीतलं देऊ नका. शेळीला तांबं जास्त चालतं, मेंढीला तेवढ्यानं विषबाधा होऊ शकते.

पातळ कॅल्शियमची बाटली पाजताना शेळीची मान वर ताणू नका, औषध फुफ्फुसात जातं. तोंड जमिनीला समांतर धरा, गालाच्या कडेनं थोडं थोडं सोडा, ठसका लागला की लगेच थांबा.

फरक दिसायला धीर धरा. केसांवर चकाकी यायला काही आठवडे जातात. करडू मागच्या पायांत लटपटत असेल किंवा त्याच्या गळ्याला गाठ असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा. जबड्याखाली पाणी भरल्यासारखी मऊ सूज बहुतेकदा जंतांची असते. तिथं मिश्रण वाढवून उपयोग नाही, ताज्या लेंड्या पिशवीत घेऊन दवाखान्यात तपासायला न्या.